दोघांमधली सायकल

रात्रीच खिंड ओलांडायची म्हणता? ओलांडा की. मी कोण अडवणारा? मांड्यांत बळ आहे, सायकली झकास आहेत, कपाळाला बॅटऱ्या आहेत. ते दार तेवढं ओढून घ्या, वारा आत येतोय. चहा उकळेपर्यंत एक ऐकून घ्या आणि मग काय ते ठरवा. भुताखेतांवर माझा विश्वास आहे का, हे मात्र विचारू नका. मी जन्मभर टेम्पो हाकला, मला फक्त ब्रेकवर विश्वास ठेवायची सवय. पण ज्याची ही गोष्ट आहे तो माणूस अजून हिंडता-फिरता आहे, आणि त्यातलं थोडंसं माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

त्याला सगळे फिटर म्हणायचे. बायकोसुद्धा. सासऱ्यांचं सायकलींचं दुकान होतं, ते तो सांभाळायचा. घर तीन मजली. खाली दुकान: भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या रिमा, ग्रीसचा वास, कोपऱ्यात पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं. पहिल्या मजल्यावर फिटर आणि त्याची बायको, म्हणजे सासऱ्यांची थोरली मुलगी. त्याच्या वर धाकटी मुलगी आणि तिचा नवरा. हा धाकटा साडू म्हणजे वाटाड्या. हंगामात पाहुणे यायचे, त्यांना सायकली द्यायच्या, खिंड चढवायची, पलीकडे उतरवायचं. एकानं सायकली जपायच्या, दुसऱ्यानं माणसं. सासरे गल्ल्यावर बसून दोघांनाही शिव्या घालायचे. छान चाललं होतं.

दोघं साडू म्हणजे तर एका ताटात जेवणारे. धाकटा त्याला दादा म्हणायचा, आणि तोंडदेखलं नव्हे. चढावर दम लागला की खालून हाक मारायचा, "दादा, थांबा जरा," आणि फिटर थांबायचा.

मग तो अपघात झाला. धाकटा पाहुण्यांच्या पुढे उतरत होता, एका वळणावर त्याच्या ब्रेकची वायर सुटली आणि तो सरळ कठड्याच्या दगडांवर गेला. दगड होते म्हणून वाचला, नाहीतर खाली दरी होती. खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य काय असावं? "आदल्या रात्री सायकल दादांच्या हातात होती." बस्स, एवढंच. यापुढे तो काही बोलला नाही. पण ऐकणाऱ्यांना तेवढं पुरलं.

फिटरच्या हाताला आयुष्यात कुणी नाव ठेवलं नव्हतं. तो भांडला नाही, शपथा घेतल्या नाहीत. गप्प झाला. धाकटाही गप्प झाला. एका घरात दोन चुली झाल्या. बहिणी-बहिणी जिन्यात एकमेकींना बघून भिंतीकडे तोंड करायला लागल्या. साडवांमध्ये काही सांगायचं झालं तर सासऱ्यांमार्फत. "त्याला सांगा, पाच सायकली तयार आहेत." "त्याला सांगा, बघितल्या." तो समोरच उभा असायचा.

असे दोन हंगाम गेले.

त्या वर्षीचा ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. रविवारी सकाळी खिंडीच्या रस्त्याचं फाटक बंद होणार होतं, ते थेट बर्फ वितळल्यावर उघडणार. वरती, खिंडीच्या तोंडाशी, आपल्या लोकांचा एक पत्र्याचा निवारा आहे. त्यात दोन सायकली अडकल्या होत्या. दोन पाहुण्यांना वर पोचल्यावर श्वास पुरेना, त्यांना हाताला धरून खाली आणलं आणि सायकली राहून गेल्या. त्यातच फाटकाच्या वर दरड कोसळली. गाडी फाटकापर्यंतच जायची, पुढे पायी. सासरे म्हणाले, दोघं जा, टाकीतलं पाणी सोडा, खिडक्यांना फळ्या ठोका, आणि सायकलींवर बसून खाली या. थोरली म्हणाली, दोघांना एकत्र कशाला पाठवता? सासरे म्हणाले, मग काय मी जाऊ?

टेम्पो माझा. पुढच्या सीटवर आम्ही तिघं, खांद्याला खांदा लावून. फिटर म्हणतो, "काका, त्याला विचारा, हातोडी घेतलीय का." मी मान वळवतो. धाकटा म्हणतो, "काका, त्यांना सांगा, घेतलीय." मी पुन्हा मान वळवतो. फाटक येईपर्यंत माझी मान आखडली. मी म्हटलं, बाबांनो, मी इथं गाडीत थांबतो, वर तुमचा दुभाष्या कोण होणार? कुणी हसलं नाही.

फिटर उतरताना म्हणाला, काळोख पडायच्या आत येतो.

पुढचं मला त्यानं नंतर सांगितलं. एकदाच सांगितलं, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून, माझ्याकडे न बघता.

दरड ओलांडून दोघं चढू लागले. धाकटा पुढे, हा मागे. मध्ये हाक पोचेल एवढं अंतर, पण हाक मारतो कोण. रस्त्याच्या कडेनं लाल-पांढरे खांब आहेत, बर्फात रस्ता कळावा म्हणून. ते सोडले तर वर काही नाही. झाड नाही, पाखरू नाही. दगड आणि वारा. वर पोचेपर्यंत उन्हं गेली. टाकीची तोटी गोठलेली, ती ठोकून-ठोकून सुटेना. फळ्या ठोकायला वेळ लागला, कारण एकानं फळी धरायची आणि दुसऱ्यानं खिळा मारायचा तर दोघांना जवळ उभं राहावं लागतं. प्रत्येकानं आपापल्या खिडकीची फळी गुडघ्यानं दाबून धरली आणि एकट्यानं ठोकली. अशी कामं होतात का? काळोख पडला.

आणि धुकं आलं. खालून आलं, दरीतून. आधी खांब गेले, मग रस्ता.

शहाण्यानं रात्र निवाऱ्यात काढली असती. पण गाद्या-पांघरुणं आधीच खाली पाठवलेली. आणि खरं सांगायचं तर तेही कारण नव्हे. त्या एवढ्याशा खोलीत त्या माणसाबरोबर सकाळपर्यंत बसायचं? त्यापेक्षा काळोख परवडला. दोघांनाही हेच वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं.

दाराबाहेर सायकली उभ्या केल्या. फिटरची नजर सवयीनं दोन्हींवरून फिरली. धाकट्याच्या सायकलीच्या पुढच्या चाकाचा नट त्याला ढिला वाटला. त्यानं खिशातून पाना काढला आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"हात लावू नका," धाकटा म्हणाला.

दोन वर्षांत सरळ त्याच्या तोंडावर उच्चारलेले पहिले शब्द. फिटरनं पाना परत खिशात टाकला. धाकटा वाकून स्वतः नट आवळू लागला. कुलूप लावायचं काम त्याच्याकडेच होतं. फिटर सायकलीवर बसला आणि एकटाच पुढे निघाला.

उतार कसा असतो ते तुम्हाला माहीतच आहे. पायडल मारावं लागत नाही, फक्त ब्रेकवर बोटं ठेवायची. पण त्या रात्री बॅटरीचा उजेड हातभर पुढे जायचा आणि धुक्यावर आपटून परत यायचा. कडेचा खांब अंगावर आला की कळायचं, रस्ता अजून आहे. फिटर चालण्याच्याच वेगानं उतरत होता. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. मग मागून आवाज आला... टिक टिक टिक टिक. उतारावर मोकळं सुटलेलं मागचं चाक वाजतं ना, तसा. आला एकदाचा, असं त्याला वाटलं. मागे वळून त्यानं बघितलं नाही. उतारावर मागे बघणारा सायकलवाला फार दिवस टिकत नाही.

"दादा."

फिटर सांगतो, मी घाबरलो नाही. दोन वर्षांनी ती हाक कानावर पडली होती. तीच लकब, शेवटी किंचित ओढलेली.

"दादा, जरा हळू घ्या ना."

त्यानं वेग कमी केला. काय बोलावं ते कळेना. "ये सावकाश," एवढंच म्हणाला.

"दादा, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार."

"त्या दिवशी वायर तुम्हीच सोडली होती ना?"

फिटरची बोटं ब्रेकवर आवळली. दोन वर्षं ज्या प्रश्नाची तो वाट बघत होता तो आला, आणि आला कुठे, तर इथे. तो म्हणाला, नाही. मी वायर घट्ट केली होती. शेवटचा पीळ मी स्वतः दिला होता.

"दिला होता ना?"

"दिला होता."

"आठवतंय ना नक्की?"

आता गंमत बघा. आपल्याला एखादी गोष्ट पक्की माहीत असते. दार लावलं, दिवा मालवला. पण कुणीतरी तीनदा विचारावं आणि आपण उठून बघायला जावं. फिटर रस्ता बघायचं सोडून त्या रात्रीच्या दुकानात जाऊन उभा राहिला. पाना हातात होता. वायर धरली होती. पीळ... दिला होता. दिलाच असणार.

टिक टिक टिक टिक. अंतर तेवढंच. हा हळू झाला की ते हळू, हा सुटला की ते सुटे.

"ताईलाही माहीत आहे," मागून आवाज आला. ताई म्हणजे थोरली. "तुम्ही झोपेत बोलता."

फिटरनं पुढच्या खांबावर नजर रोखली.

"बातमी आली तेव्हा तुम्ही दुकानात होता. हातात घमेलं होतं. मी पडलो म्हणून कळलं... आणि पहिल्यांदा तुम्हाला काय वाटलं, दादा?"

फिटरनं दात आवळले.

"बरं वाटलं. नाही का? क्षणभर... पण बरं वाटलं."

हे मला सांगताना त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, काका, ते खरं होतं. पापणी लवायच्या आत मनात आलं आणि गेलं. घरात त्याचंच कौतुक, सासऱ्यांच्या तोंडी त्याचंच नाव. एक क्षण बरं वाटलं. कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही. स्वतःलाही नाही.

माणसाला खोट्या आळाचा राग येतो, पण खऱ्याचा जास्त येतो. फिटरच्या डोक्यात तिडीक गेली. मागचा आवाज आता हसत होता. हळू, नाकातल्या नाकात. आणि म्हणत होता, या वेळी मी घरी जाऊन सगळ्यांना सांगणार. ताईला बाहेर काढणार. दुकान माझं होणार. तुम्ही रस्त्यावर बसून पंक्चरं काढा.

पुढचं वळण आलं. तेच. कठड्याच्या दगडांचं. तिथं आता दोन दगड कमी आहेत, दरी सरळ समोर येते. फिटरनं ब्रेक दाबला, उतरला, सायकल आडवी टाकली. खिशातला पाना काढला. मोठा पाना, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढा. आणि वर तोंड करून, आलेल्या रस्त्याकडे बघत उभा राहिला. येऊ दे म्हणाला. आज येऊच दे.

टिक टिक टिक.

धुकं.

टिक... टिक...

त्याच वेळी त्याच्या पाठीमागे खडी वाजली.

पाठीमागे म्हणजे खालच्या बाजूला. जिकडे अजून कुणी गेलंच नव्हतं.

तो गर्रकन वळला. बॅटरीच्या उजेडात एक चेहरा आला. धाकटा. हातभर अंतरावर. दोन्ही हात डोक्याच्या वर. हातांत दगड.

आता तो तिथं कसा, ते आधी सांगतो. वाटाड्या तो. कुलूप लावल्यावर त्याला या माणसाच्या मागं-मागं जायचं नव्हतं. त्यानं सायकल खांद्यावर घेतली आणि पायवाटेनं दोन वळणं तोडली. तो केव्हाच पुढे गेला होता. आणि त्याला वरून, रस्त्यावरून, फिटरचा आवाज ऐकू येत होता. फिटर त्याला हाका मारत होता. म्हणत होता, या वेळी चाक सोडलंय, वळणावर कळेल. आणखीही काही म्हणत होता. ते काय, ते धाकट्यानं मला अजून सांगितलेलं नाही. एवढं खरं की ते ऐकून त्या माणसानं सायकल टाकली, दगड उचलला, आणि वळणाच्या आडोशाला उभा राहिला.

तर असे दोघं. एकाच्या हातात पाना, एकाच्या हातात दगड. एकमेकांच्या बॅटऱ्या एकमेकांच्या तोंडावर. कुणी हलेना.

फिटरच्या मनात आलं, हा खाली आहे. मग वरती... कोण आहे?

टिक.

अगदी जवळ. टिक... आणि थांबलं. जसं कुणी सायकलवरून एक पाय खाली टेकावा.

मग धुक्यातून फिटरचा आवाज आला.

"मार."

फिटरचे ओठ बंद होते. धाकटा त्याच्या ओठांकडेच बघत होता. त्याचे डोळे मोठे झाले.

मग धाकट्याचा आवाज आला. तिथूनच.

"मार ना, दादा."

धाकट्याचे ओठ मिटलेले. थरथरत होते, पण मिटलेले.

दगड खाली पडला. घरंगळत कडेला गेला. पडल्याचा आवाज... आलाच नाही.

कुणी कुणाला काही समजावलं नाही. समजावणार कसं? तोंड उघडलं की समोरच्यानं विश्वास कशावर ठेवायचा? धाकट्यानं गळ्यातला मफलर सोडला, आपल्या तोंडावर बांधला, मागे गाठ मारली. फिटरनं बघितलं आणि तेच केलं. म्हणजे आता जो बोलेल, तो आपल्यातला नव्हे. त्या रात्रीतला तेवढा एक शहाणपणा.

चुकामूक होऊ नये म्हणून धरायला काहीतरी हवं होतं. हात हातात द्यायची दोघांचीही तयारी नव्हती. दोन वर्षांचं वैर असं मफलर बांधून जात नाही. फिटरनं आपली सायकल उभी केली. दोघांच्या मध्ये. हा डावीकडे, तो उजवीकडे. यानं हँडलची डावी मूठ धरली, त्यानं उजवी. आणि चालायला लागले. धाकट्याची सायकल तिथंच राहिली. उन्हाळ्यात सापडली, गंजलेली.

थोडं खाली गेल्यावर धाकट्याची बॅटरी विझली. मग फिटरची. थंडीनं विझली असेल. होतं तसं.

मिट्ट काळोख. पायाखाली उतार, हातात मूठ. मुठीच्या पलीकडे कुणीतरी चालतंय, एवढंच कळतं. दिसत काही नाही.

मागे दोघं भांडत होते. त्यांचेच आवाज. हा त्याला शिवी देतो, तो याची आई काढतो. मग ते आवाज पुढे गेले. मग वर. फिटर पावलं टाकत राहिला.

मग एकदम सगळं शांत झालं.

आणि दरीच्या बाजूनं... खालून...

"दादा. घसरलो."

फिटर थांबला.

"दादा, हात द्या. मला धरवत नाही आता."

रडवेला आवाज. दवाखान्यात प्लास्टर घालताना तो असाच कण्हला होता. फिटरला वाटलं, खरंच पडला असेल तर? उजवी बाजू दरीची. तो उजवीकडेच चालत होता. मग पलीकडची मूठ... कुणी धरलीय?

त्यानं हँडल जरासं आपल्याकडे ओढलं.

पलीकडून ओढ आली. तेवढीच.

"दादा..."

त्यानं मफलरकडे हात नेला. एक हाक मारावी. फक्त एक. खरा असेल तर ओ देईल...

तेव्हा मुठीवरच्या त्याच्या हातावर एक हात पडला.

वरून. घट्ट. पूर्ण पंजा. हातमोज्यातून बोटं कळत होती. त्या हातानं त्याचा हात मुठीवर दाबून धरला, आणि सायकल पुढे निघाली. फिटरला रडू आलं. हा इथंच आहे. याला कळलं मी थांबलो ते. यानंच सावरलं मला. तो मुकाट चालू लागला. खालून हाका येत राहिल्या, मग लांब गेल्या, मग नाहीशा झाल्या. तो हात शेवटपर्यंत सुटला नाही.

आता माझ्याकडचं सांगतो.

मी फाटकापाशी टेम्पोत. काच वर, पाय सीटवर, डोळा लागलेला. भांडणाच्या आवाजानं जागा झालो. वरून दोघं येत होते, कडाकडा भांडत. शब्द कळत नव्हते, आवाज ओळखीचे. मी म्हटलं, चला, देव पावला. बोलायला तरी लागले! मला खरंच बरं वाटलं. घरात भांडण म्हणजे घर जिवंत. मी हेडलाइट लावले.

आवाज बंद झाला. कापल्यासारखा.

आणि उजेडात दोघं आले. दरडीच्या ढिगाऱ्यावरून, मध्ये सायकल घेऊन. दोघांची तोंडं मफलरनं बांधलेली.

मी हात हलवायला उचलला होता, तो तसाच राहिला.

त्यांनी मफलर गाडीत बसल्यावरही सोडले नाहीत. गाव येईपर्यंत. मी काही विचारलं नाही. मीही तोंड मिटून चालवली.

पुढे काय झालं म्हणाल तर, समेट झाला नाही. तुम्हाला वाटलं असेल, एवढं झाल्यावर गळ्यात पडले असतील. कसे पडणार? फिटरला आजही आतल्या खोलीतून बायकोनं हाक मारली तर तो ओ देत नाही. उठतो, दारापर्यंत जातो, तिचे ओठ हलताना बघतो, मग बोलतो. दुकानात कुणी पाठीमागून 'दादा' म्हणालं की हातातली वस्तू खाली पडते. धाकट्यानं त्याच थंडीत घर सोडलं. सपाट मुलुखात गेला, बायकोला घेऊन. तो फोन घेत नाही. बहिणी एकमेकींना भेटतात, पण समोरासमोर, आणि नवऱ्यांशिवाय. सासरे गेले तेव्हा दोघं साडू आले, एकाच खोलीत दोन भिंतींना टेकून बसले, आणि गेले.

मात्र एक आहे. फिटर मला म्हणाला, काका, त्याचं माझं जमणार नाही या जन्मात. पण एक गोष्ट मी विसरणार नाही. त्या रात्री त्यानं पलीकडून हात घालून माझा हात धरला. नाहीतर मी दरीत उतरलो असतो.

पुढच्या वर्षी काही कामानं मी त्या सपाट मुलुखात गेलो आणि धाकट्याकडे उतरलो. रात्री जेवणं झाल्यावर त्यालाच वाटलं, बोलला. म्हणाला, मलाही त्या रात्री दरीतून हाका येत होत्या, दादांच्या आवाजात. मी कडेकडे वळलो होतो. दादांनी माझा हात मुठीवर दाबून धरला, शेवटपर्यंत सोडला नाही. माणूस वाईट असेल, पण तेवढं ऋण आहे.

मी विचारलं, तू नव्हता का धरला त्यांचा हात?

तो म्हणाला, नाही हो काका. मी कशाला धरू?

फिटर काय म्हणाला होता ते मी त्याला सांगितलं नाही. फिटरलाही हे सांगितलं नाही. दोघांकडे एकमेकांबद्दल तेवढीच एक चांगली गोष्ट आहे. ती कशाला काढून घ्या.

चहा ओता रे कुणीतरी. नको? बरं.

त्या रात्री फाटकापाशी ते दोघं गाडीत जाऊन बसले. सायकल बाहेरच राहिली, टेम्पोला टेकवलेली. ती मागे चढवायचं काम माझं. कठड्यावर, दगडांवर, माझ्या आरशावर, सगळीकडे दव गोठून पांढरं झालेलं. सायकलीचा दांडा इतका गार की बोटं चिकटत होती. हँडल तसंच. चाकं तशीच. मी एक हात दांड्याला घातला, आणि उचलायला म्हणून दुसरा सीटखाली घालणार, तो सीटवर पडला.

मी हात काढून घेतला. मग पुन्हा ठेवून बघितला.

सीट गरम होती.